६० मीटरवरचा हलका श्वास

ट्रायमिक्सचा, म्हणजे खोल डायव्हिंगसाठी हेलियम मिसळलेल्या वायूचा, कोर्स करायचं मी ठरवलं ते खोल पाण्यात चढणाऱ्या नायट्रोजनच्या नशेला कंटाळून. हवेवर, म्हणजे सिलिंडरमध्ये साधी हवा भरून, ४५ मीटरपर्यंत जायचं प्रशिक्षण झालेलं होतं, डीको स्टॉप (शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे) करायला शिकले होते, कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं. पण ४० मीटरच्या खाली गेलं की डोकं आपलं राहत नसे. सिलिंडरचं प्रेशर गेज मास्कसमोर धरायचं, काटा १३० बारवर दिसायचा, आणि १३० म्हणजे पुरेसं की कमी हे ठरवायला पुन्हा एकदा बघावं लागायचं. पुन्हा बघेपर्यंत पहिला आकडा पुसलेला. या सगळ्यात भीती मुळीच वाटायची नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकायचं ते हेच. इतक्या खोलवर माणसाला थोडी तरी धास्ती असायला हवी.

कारण माहीत होतं. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका बारने वाढतो. पृष्ठभागावरचा हवेचा एक बार धरून ६० मीटरवर तो ७ बार होतो. हवेत ७९ टक्के नायट्रोजन, म्हणजे त्याचा एकट्याचा आंशिक दाब तिथे साडेपाच बार. पृष्ठभागावर आपल्याला ज्याची जाणीवही नसते तो वायू तिथे भूल दिल्यासारखा चढतो. ऑक्सिजनचं गणितही तिथेच बिघडतं. हवेतल्या २१ टक्क्यांचे ६० मीटरवर १.४७ बार होतात आणि प्रत्यक्ष काम करतानाची रूढ मर्यादा १.४ आहे. ती ओलांडत गेलं की आधी काहीही इशारा न देता आकडी येऊ शकते, आणि पाण्याखाली आकडी म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो रेग्युलेटर तोंडातून सुटणं. थोडक्यात, खोल जायचं तर नायट्रोजनही कमी हवा आणि ऑक्सिजनही. मग उरलेल्या जागेत भरायचं काय? शरीरात काही उलथापालथ न करणारा, चरबीत फारसा न विरघळणारा आणि नशा न आणणारा वायू हवा. हेलियम इथे येतो. हेलियम आणि ऑक्सिजन एवढंच असेल तर हेलिऑक्स, त्यात नायट्रोजनही ठेवला तर ट्रायमिक्स.

कल्पना जुनी आहे. एलिहू थॉमसन यांनी १९१९ मध्येच ती मांडली होती. १९३७ मध्ये मॅक्स नोल हेलियमच्या मिश्रणावर मिशिगन सरोवरात १२८ मीटरपर्यंत गेले. दोनच वर्षांनी ‘स्क्वॅलस’ ही अमेरिकी पाणबुडी ७० मीटरहून खोल पाण्यात बुडाली. ती वर काढताना हवेवर काम करणाऱ्या डायव्हरांची डोकी चालेनाशी झाली, आणि हेलियमवर गेलेल्यांनी काम निभावलं. मी या गोष्टी वाचून गेले होते, त्यामुळे हेलियम म्हणजे नशेवरचा उतारा हे माझ्या मनात पक्कं बसलेलं होतं.

पहिल्याच वर्गात सरांनी विचारलं, “तुम्हाला हेलियम कशासाठी हवा?”

आम्ही सगळ्यांनी एका सुरात नशेचं नाव घेतलं. ते म्हणाले, “नशा तुम्हाला कळते तरी. जे कळत नाही त्याबद्दल आधी बोलू.” आणि त्यांनी फळ्यावर वायूचं वजन मांडायला घेतलं.

एक लिटर हवा पृष्ठभागावर जेमतेम १.३ ग्रॅम भरते. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून तेवढ्याच लिटरात ५.२ ग्रॅम. ६० मीटरवर ९ ग्रॅमच्या वर. फुप्फुसांना हा जडावलेला वायू त्याच अरुंद श्वासनलिकांतून आत-बाहेर करायचा असतो. माणूस जिवाच्या आकांताने जास्तीत जास्त जेवढा श्वासोच्छ्वास करू शकतो, ती क्षमता हवेवर ३० मीटरला जवळपास निम्मी होते. आरामात तरंगत असताना हे जाणवत नाही. प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले, दोरीत अडकलेलं काही सोडवावं लागलं, की शरीर जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि तो बाहेर टाकायला जेवढा श्वास हवा तेवढा घेताच येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. तो स्वतः नशा आणतो, नायट्रोजनची नशा वाढवतो, मेंदूकडचा रक्तप्रवाह वाढवून ऑक्सिजनच्या आकडीचा धोकाही वाढवतो. दम लागतो म्हणून माणूस जोराने श्वास ओढतो, जोराने ओढायला आणखी श्रम, त्या श्रमांचा आणखी कार्बन डायऑक्साइड. एकदा हे चक्र सुरू झालं की तळाशी ते थांबवणं फार कठीण.

गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल या संशोधकांनी २०१६ मध्ये यावर आकडे दिले. वायूची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ कधीही ओलांडू नये. पहिला आकडा हवेवर साधारण ३० मीटरला येतो, दुसरा ४० च्या जरा अलीकडे. म्हणजे हवेवर ४५ मीटर करत असताना मी ७ ग्रॅमचा वायू ओढत होते. माझ्या डोक्यातल्या धुक्याचा किती हिस्सा नायट्रोजनचा आणि किती कार्बन डायऑक्साइडचा, हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सरांनी त्या दिवशी डेव्हिड शॉ या डायव्हरबद्दल सांगितलं. जानेवारी २००५, दक्षिण आफ्रिकेतलं बुशमन्स होल हे पाण्याने भरलेलं विवर, खोली २७० मीटर. दहा वर्षांपूर्वी तिथे मरण पावलेल्या एका तरुण डायव्हरचा देह त्याच्या आईवडिलांसाठी वर आणायला ते गेले होते. तळाशी काम अपेक्षेपेक्षा अवघड झालं आणि ते परतले नाहीत. त्यांच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात श्वासांचा आवाज नोंदला गेला होता. त्यावरून नंतर निष्कर्ष निघाला तो हाच, की श्रम वाढले, वायू जड होता, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना. मिश्रणात हेलियम होता, तरीही त्या खोलीवर वायू जडच होता. इतक्या अनुभवी माणसाचा घात श्वासाने केला, ही गोष्ट वर्गातल्या कोणालाच हलक्याने घेता आली नाही.

त्यानंतर मिश्रण निवडण्याचं गणित मी वेगळ्या नजरेने करू लागले. ६० मीटरसाठी आमचं नेहमीचं मिश्रण अठरा-पंचेचाळीस: १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला ३७ टक्के नायट्रोजन. ऑक्सिजनचा दाब १.२६, मर्यादेच्या आत. ऑक्सिजनलाही नशा आणणारा धरून हिशेब केला तरी नशा हवेवर साडेअठ्ठावीस मीटरला असावी तेवढी. घनता ५.६ ग्रॅम. म्हणजे ६.२ च्या आत, पण ५.२ च्या बाहेर. मी ते सरांना दाखवलं.

“मग पंधरा-पंचावन्न घ्या,” ते म्हणाले. “४.८ येईल. पण त्याची किंमत कुठे मोजाल ते सांगा.”

किंमत दोन ठिकाणी होती. ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आला की पृष्ठभागावर ते मिश्रण श्वासाला पुरेसं राहत नाही, म्हणून खाली जाताना पहिल्या काही मीटरसाठी दुसरा गॅस लागतो. आणि ऑक्सिजन कमी केल्याने निष्क्रिय वायूचा, म्हणजे हेलियम आणि नायट्रोजन मिळून, वाटा वाढतो, म्हणजे वर येताना डीको लांबतो. हेलियममध्ये फुकट काही मिळत नाही हे मला तिथे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. कोर्ससाठी आम्ही अठरा-पंचेचाळीसवरच राहिलो, तळाशी श्रम करायचे नाहीत या अटीवर.

गॅस भरण्याचं काम मला वाटलं त्यापेक्षा जास्त आवडलं. २०० बारच्या ट्विनसेटसाठी (पाठीवरच्या जोड-सिलिंडरसाठी) ९० बार हेलियम, साधारण १६ बार ऑक्सिजन आणि वरून हवा. कागदावर बेरीज सोपी आहे. प्रत्यक्षात भराभर भरलं की सिलिंडर तापतो आणि गेज खोटं बोलतं, शिवाय जास्त दाबाखाली हेलियम आदर्श वायूच्या नियमाप्रमाणे वागत नाही. शुद्ध ऑक्सिजन हाताळायचा म्हणून व्हॉल्व्ह आणि होज तेलकटपणाचा अंश नसलेले हवेत, नाहीतर आग लागू शकते. म्हणून सावकाश भरायचं, थंड होऊ द्यायचं, आणि मग मोजायचं. ऑक्सिजन एका सेन्सरवर, हेलियम दुसऱ्यावर. हेलियमचा सेन्सर वायूतून उष्णता किंवा आवाज किती वेगाने जातो त्यावरून टक्केवारी काढतो. ऑक्सिजनचा आकडा १७.६ ला घुटमळत १७.८ वर स्थिरावला, हेलियम ४४.९. मी तो दोनदा वाचला, बडीने (डाइव्हमधल्या जोडीदाराने) येऊन स्वतः वाचला, आणि मग मार्करने टेपवर लिहिलं: मिश्रण, कमाल खोली, तारीख, सही. टेप सिलिंडरच्या खांद्यावर, बाजूने पोहणाऱ्यालाही दिसेल अशी.

हा टेपचा तुकडा ट्रायमिक्समध्ये जीव वाचवतो, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. हवेवर डाइव्ह करणाऱ्याकडे एकच गॅस असतो, चुकायला जागाच नसते. आमच्याकडे तीन होते: पाठीवर अठरा-पंचेचाळीस, डाव्या बाजूला २१ मीटरपासून वापरायचा ५० टक्क्यांचा नायट्रॉक्स (अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रोजन) आणि ६ मीटरवरचा शुद्ध ऑक्सिजन. ऑक्सिजनचा रेग्युलेटर ६० मीटरवर तोंडात गेला तर आंशिक दाब ७ बार, आकडीला वेळ लागणार नाही. उलट बाजूही तितकीच वाईट. जास्त खोलीसाठीचं १० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण बोटीवर उभं राहून श्वासात घेतलं तर माणूस शांतपणे बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची भावना कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे येते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. कार्बन डायऑक्साइड तर नेहमीसारखा बाहेर पडत असतो, त्यामुळे दमही लागत नाही. शरीराकडून कसलीच तक्रार येत नाही. म्हणून गॅस बदलण्याची सवय आम्ही उथळ पाण्यात घोटून घेतली. खोली बघायची, टेप वाचायची, होज बोटांनी सिलिंडरपर्यंत मागोवा घेत जायची, बडीला दाखवायची, त्याने मान डोलावल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. गळका व्हॉल्व्ह बंद करणं, मास्क नसताना स्टॉप धरून ठेवणं, डीकोचा एक सिलिंडर हरवला असं समजून वर येणं, हेही त्यातच. कंटाळा येईपर्यंत केलं आणि कंटाळा आल्यावरही करत राहिलो.

६० मीटरच्या डाइव्हची योजना साधी होती. तळाशी १५ मिनिटं, तिथून वर यायला अर्ध्या तासाहून जास्त. मी मिनिटाला २० लिटर श्वास घेते असं धरलं तर ६० मीटरवर ते १४० लिटर होतात. दोन १२ लिटरच्या सिलिंडरमधले ४,८०० लिटर ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातले जवळजवळ अर्धे आमचे नसतातच. बडीचा गॅस संपला तर दोघांनी घाबरलेल्या श्वासाने पुढच्या सिलिंडरपर्यंत पोहोचण्यासाठी ते राखून ठेवायचे.

खाली जाताना ३० मीटर आले, ४० आले, आणि मी ओळखीच्या धुक्याची वाट बघत राहिले. आलंच नाही. ५५ वर प्रकाश मंद निळा झाला, बुडालेल्या जहाजाची एक बाजू दिसू लागली आणि तिच्यावरच्या रिव्हेटांच्या रांगा मला एकेक करून दिसत होत्या. गेज बघितलं: १५५. तो आकडा पुरेसा आहे, आपण ठरल्यापेक्षा थोडं कमी वापरलंय, आणि बडी माझ्या उजवीकडे दोन मीटरवर आहे, हे तिन्ही एकदम समजलं. आणि धास्तीही वाटली. डोक्यावर ६० मीटर पाणी आहे आणि सरळ वर जाण्याचा मार्ग आता बंद आहे, ही अगदी स्पष्ट, थंड जाणीव. ती परत मिळाल्याचा मला आनंद झाला.

पण माझ्या लक्षात राहिला तो श्वास. हवेवर खोलात रेग्युलेटरमधून वायू ओढताना ओल्या फडक्यातून ओढल्यासारखं वाटायचं, आणि इतक्या वर्षांत तेच नेहमीचं वाटू लागलं होतं. इथे श्वास सोडल्यावर छाती आपोआप मोकळी होत होती. बडीच्या दिव्याची पट्टी एका दोरीत अडकली तेव्हा मी पुढे होऊन ती सोडवली. दोन मिनिटांचं काम, थोडी ओढाताण. श्वास वाढला आणि काम संपताच परत जागेवर आला. हवेवर ४५ मीटरवर एवढ्याच कामानंतर मला बराच वेळ धाप लागत असे. सरांनी फळ्यावर लिहिलेलं सगळं त्या दोन मिनिटांत छातीला कळलं.

वर येणं हा हेलियमच्या हिशेबाचा दुसरा भाग. त्याचा रेणू हलका, नायट्रोजनच्या सुमारे २.६ पट वेगाने पसरणारा. शरीरात लवकर शिरतो, लवकर निघतो. लवकर निघतो म्हणजे घाईने वर आलं तर बुडबुडेही लवकर धरतो. हेलियमवर डाइव्ह करताना चढण्याच्या वेगाशी खेळ नाही, आणि काहीही झालं तरी थेट पृष्ठभागावर जाणं हा पर्याय नसतो. अडचण जिथे आली तिथेच सोडवायची.

२१ मीटरवर आम्ही ५० टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर गेलो. या बदलाबद्दल वर्गात बरीच चर्चा झाली होती. हेलियमवरून नायट्रोजनच्या गॅसवर गेलं की ऊतींतून हेलियम बाहेर पडत असतानाच नायट्रोजन आत येऊ लागतो, आणि दाब न बदलताही दोन्ही मिळून बुडबुडे तयार होण्याइतकी गर्दी होऊ शकते. फटका बसतो आतल्या कानाला: गरगरणं, उलट्या, कधी ऐकू येणं कमी होणं. पाण्याखाली, डीको बाकी असताना चक्कर येणं किती भयंकर, हे वेगळं सांगायला नको. म्हणून एक ठोकताळा आहे. हेलियम जेवढा कमी कराल त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नायट्रोजन वाढवू नका. आमच्या बदलात हेलियम ४५ ने कमी होत होता, नायट्रोजन १३ ने वाढत होता. ठोकताळा ९ म्हणतो. मी हे विचारल्यावर सर म्हणाले की उथळ पाण्यातला, ऑक्सिजनही भरपूर वाढवणारा हा बदल सर्रास केला जातो, खरी भीती असते ती ७० टक्के हेलियमवरून ५० मीटरवर थेट हवेवर जाण्यासारख्या बदलांची. मला ते पटलं. तरी २१ मीटरवर रेग्युलेटर बदलल्यावर पहिली काही मिनिटं मी दोरीला हात लावून, नजर एका जागी धरून राहते.

डीकोचं एक कोडं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. आपले डाइव्ह कॉम्प्युटर बहुतेक ब्यूलमान या स्विस संशोधकाच्या गणितावर चालतात, आणि ते मिश्रणात हेलियम जितका जास्त तितके स्टॉप लांबवतं. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २०१५ मध्ये हेलिऑक्स आणि ट्रायमिक्स एकाच वेळापत्रकावर ताडून पाहिले, तेव्हा हेलियम कमी केल्याचा काही फायदा दिसला नाही. म्हणजे हेलियमला लावलेला हा दंड बहुधा अवाजवी आहे. यातून मी एवढंच घेते की डीको वाचवण्यासाठी हेलियम कमी करण्यात अर्थ नाही. ‘मग स्टॉपच कमी करू’ हा पुढचा निष्कर्ष काहीजण काढतात. मी काढत नाही. तो प्रयोग स्टॉप कमी करण्याबद्दल नव्हता.

शेवटचे स्टॉप थंडीचे. हेलियम हवेच्या सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या, वायूने फुगवायच्या पोशाखात) तो कधीही भरायचा नाही. सूटसाठी वेगळा छोटा सिलिंडर, हवेचा किंवा आर्गॉनचा. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं की पाठीवरचाच गॅस सूटला जोडला तर एक सिलिंडर वाचेल. सरांनी ते लगेच खोडून काढलं. ६ मीटरवर ऑक्सिजन घेत निश्चल थांबायचं असतं, तिथे कुडकुडणारा माणूस रक्ताभिसरण मंदावल्याने वायू नीट बाहेर टाकत नाही. आर्गॉनच्या सिलिंडरला आम्ही तोंडाचा रेग्युलेटर जोडतच नाही, कारण त्यात ऑक्सिजन शून्य असतो.

याहून खोल जाणाऱ्यांचे धोके आणखी वेगळे. दीडशे मीटरच्या पलीकडे, विशेषतः वेगाने उतरलं तर, हेलियमवर हात थरथरू लागतात, मळमळतं, तोल जातो. गंमत म्हणजे त्यावर थोडा नायट्रोजन मिसळणं हा एक उपाय ठरला, आणि त्याच वाटेने १९८१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या प्रेशर चेंबरमध्ये माणसं ६८६ मीटरएवढ्या दाबापर्यंत पोहोचली. ते जग दिवसेंदिवस दाबाखालीच राहणाऱ्या व्यावसायिक सॅच्युरेशन डायव्हरांचं, जिथे सूटमधून गरम पाणी फिरवतात आणि हेलियममुळे बदललेला आवाज यंत्राने उलगडून ऐकतात. पाठीवर सिलिंडर बांधून तिथे जाण्याची मला इच्छा नाही. शेक एक्सली यांच्यासारखा गुहांमधला असामान्य डायव्हर १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकाटोन या खोल विवरात मरण पावला, हे मी विसरू शकत नाही.

कोर्स संपल्यानंतर माझ्यात झालेला सगळ्यात मोठा बदल त्यामानाने उथळ डाइव्हमध्ये आहे. ४५ मीटरसाठी मी आता हवा वापरत नाही. एकवीस-पस्तीस भरते, घनता ५ ग्रॅमवर येते. पैसे जास्त जातात हे खरं आहे. हेलियम नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो आणि एकदा हवेत सुटला की कायमचा गेला, त्यामुळे दर श्वासागणिक तो बुडबुड्यांतून उधळणं मलाही टोचतं. बरेच जण म्हणूनच रीब्रीदरकडे, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या यंत्राकडे, वळतात. त्यात गॅस फार कमी लागतो, पण जड वायू आणि कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न तिथे आणखी तीव्र होतो, त्यामुळे तो निर्णय नुसत्या बचतीसाठी घ्यावा असं मला वाटत नाही.

गेल्या मोसमात याच गोष्टीवरून आमच्या गटात वाद झाला. ६० मीटरच्या डाइव्हसाठी हेलियम ठरल्याप्रमाणे मिळाला नाही. सगळ्यांना वाटून एकवीस-तीसच भरता येत होतं. बडी म्हणाला, “नशा हवेवरच्या ३९ मीटरएवढी येतेय. तेवढी तर तू आधी कितीदा सहन केली आहेस. ऑक्सिजन १.४७ आहे, जरा वर, पण थोडाच वेळ. जाऊया.”

“नशेचं सोड,” मी म्हटलं. “घनता काढ.”

त्याने काढली. ६० मीटरला ६.८. तो काही वेळ त्या आकड्याकडे बघत बसला आणि मग उलट दिशेने गणित मांडू लागला: ५.२ च्या आत राहायचं तर किती खोल जाता येईल? ४३ मीटर. जहाजाचा वरचा डेक ४२ ला होता. आम्ही नवी योजना लिहिली, डीकोचे गॅस पुन्हा तपासले, सिलिंडरवरची टेप काढून नवी लावली आणि डेकवरच डाइव्ह केली. खालच्या यंत्रघरासाठी पुरेसा हेलियम मिळेल तेव्हा परत जायचं ठरलं आहे, या वेळी पंधरा-पंचावन्न घेऊन.